बोल्टाखालचा हात

आज सकाळी थंडी परत आली. आमच्याकडची थंडी पाहुण्यासारखी दारात उभी राहून घसा खाकरत नाही. ती सातपुड्यावरून उतरते, तापी ओलांडताना पाण्यात अंग बुचकळून घेते आणि ओल्या कपड्यांनिशी थेट माणसाच्या अंथरुणात शिरते. शहरातले लोक थंडी अंशांत मोजतात. आमच्या गावातला कोंबडा आधी शेकोटीजवळ येऊन पाय शेकतो, मान झटकतो आणि मगच आरवतो. त्याला किती वेळ लागला त्यावरून आम्ही थंडी मोजतो. खोटं वाटत असेल तर कोंबड्याला विचारा, मी कशाला शपथ घेऊ?

अशा सकाळी खळ्यात जाऊन मी ट्रॅक्टरवर चढतो, किल्लीला हात घालतो आणि फिरवण्याआधी जरा थांबतो. आता थांबायचं काही कारण नाही. पण एक हिवाळा माझ्या बोटांमध्ये आणि त्या किल्लीमध्ये अजून थोडा उरलेला आहे. कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर नाकात गेला, पलीकडे कोणाच्या तरी गोठ्यात बादलीत दुधाची पहिली धार वाजली, की तो हिवाळा उठून बसतो. मग मी किल्ली धरून त्याच्याकडे बघत राहतो.

त्या हिवाळ्यात आमचा ट्रॅक्टर उठत नव्हता. बंद पडलेला नव्हता, हे लक्षात घ्या. बंद पडलेल्या यंत्राबद्दल माणूस हळहळून मोकळा होतो. हा किल्ली फिरवली की जागा व्हायचा, पण म्हाताऱ्या माणसासारखा. घर्रर्र म्हणायचा आणि थांबायचा. पुन्हा घर्र. पुन्हा थांबायचा. त्या दोन घरघरींच्या मधल्या वेळात माणसाने तंबाखू मळावी, चुना लावावा, शेजाऱ्याला अर्धी द्यावी आणि त्याच्या मुलीच्या सोयरिकीची चौकशीही करून घ्यावी. स्टार्टर फिरायचा, पण इंजिनाला पेट घ्यायला जेवढा झटका लागतो तेवढा काही द्यायचा नाही.

आमच्या खळ्याशेजारी लोटनभाऊंचं खळं आहे. ते तोंडाला मफलर गुंडाळून कुंपणापलीकडून बघत उभे राहायचे. मफलरमधून फक्त डोळे आणि टोमणे बाहेर यायचे.

"तुमना ट्रॅक्टर उठाना पह्यले आमना गहूले लोंब्या ई जातीन!"

"येऊ द्या लोंब्या," मी म्हणायचो, "कापायला आमचाच ट्रॅक्टर आणा."

"आनसू ना. पन त्याले आतेपासून हाका मारनी पडी!"

हसता हसता तेच कुंपण ओलांडून यायचे आणि धक्का मारायला खांदा लावायचे. मग आणखी दोघं-तिघं यायचे. मातीचा एक उंचवटा आबांनी खळ्याच्या तोंडाशी मुद्दाम घालून घेतला होता, कारण तापीकाठच्या आमच्या सपाट मुलखात उतार नावाची वस्तू हौस म्हणूनही सापडत नाही. संध्याकाळी ट्रॅक्टर त्या उंचवट्यावर चढवून ठेवायचा, सकाळी ढकलून द्यायचा. खाली पोचेपर्यंत पेटला तर पेटला. नाही पेटला तर सगळ्या मंडळींनी मिळून त्याला परत वर चढवायचा. त्या हिवाळ्यात आमच्या घरी चहाचं पातेलं चुलीवरून खाली उतरलंच नाही. माझी बायको कल्पना म्हणायची, "तुमना ट्रॅक्टर डिझेलवर नही, मन्हा चहावर चालस."

आबा म्हणजे माझे वडील. धक्का मारणाऱ्यांत ते नसायचे. ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला, मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात, ते नुसते उभे असायचे. मी किल्ली फिरवून फिरवून थकलो, 'आता ढकलूच' असं म्हणालो, की ते हात वर करायचे.

"आखो एक डाव."

म्हणजे आणखी एकदा. मी फिरवायचो. घर्र. घर्र. ते सीटच्या खाली, ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगावर तळवा टेकवून डोळे मिटायचे.

"आखो एक डाव, भो."

मला वाटायचं, आबांना ट्रॅक्टर सुरू व्हायला हवा आहे.

*

आबा जिथे तळवा टेकवायचे तिथे एक हात होता. माझ्या आईचा. आम्ही तिला माय म्हणायचो.

हा ट्रॅक्टर घरात आला तेव्हा बैलजोडी गेली. बैल गेल्यावर पहिला पोळा आला आणि माय सकाळपासून गोठ्याच्या दाराशी बसून राहिली. खापरावरच्या पुरणपोळ्यांचं पुरण वाटून तयार, आणि खाऊ घालायला जनावर नाही. दुपारी ती उठली, पदर खोचला आणि आबांना म्हणाली, "हाऊ बी वावरमाच राबस ना? मंग याले धुवा."

तेव्हापासून आमच्याकडे पोळ्याला ट्रॅक्टर धुतला जाऊ लागला. बैल धुतो तसाच, घासून, अंगावर पाणी घालून, चाकांच्या खाचांमधली वर्षभराची माती काडीने काढून. विजेच्या भागात पाणी जाऊ नये म्हणून आबा आधी बॅटरी उतरवून ठेवायचे, तिची केबलही बोल्ट काढून सोडवायचे. मग रंगरंगोटी. बोनेटला झूल, हेडलाइटांना गोंडे, सायलेन्सरला शिंगासारखा बेगडाचा पट्टा. आणि सगळ्यात शेवटी माय ऑइलपेंटमध्ये तळवा बुडवून त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर हाताचा थापा मारायची. बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तसा. ट्रॅक्टरला पुठ्ठा कुठे असतो याचा तिने एकदाच विचार केला होता: डावीकडे, सीटच्या खाली, ओतीव लोखंडाची एक सपाट जागा होती, बरोबर हाताएवढी. दरवर्षी त्याच जागी. घरात जो रंग उरलेला असेल तो. मग ती रॉकेलने हात पुसायची आणि त्याच हाताने पुरणपोळी ट्रॅक्टरच्या तोंडाशी धरायची. त्या दिवशीच्या पोळ्यांना रॉकेलचा किंचित वास असायचा. आम्ही सगळे त्या वासासकट खायचो. आता बिनवासाची पुरणपोळी खाताना मला काहीतरी घालायचं राहून गेल्यासारखं वाटतं.

तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी विळ्याने कापली होती, ती तशीच जुळली. त्यामुळे थापा मारला की चार बोटं सरळ आणि करंगळी बाजूला वळलेली उमटायची, घरातून बाहेर डोकावणाऱ्या मुलासारखी.

त्या वर्षी तिने पिवळा थापा मारला. भादव्यात तिला ताप आला. नंदुरबारला दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी आम्ही घरी आणला तो तिचा देह.

भिंतीवर तिचा फोटो लावला आहे. तो आधार कार्डासाठी काढलेला, मोठा करून घेतलेला. त्यात ती कोणत्या तरी कार्यालयात चुकून बसलेल्या बाईसारखी दिसते. आबा त्या फोटोला हार घालतात, नमस्कार करतात, पण त्याच्याशी बोलत नाहीत. मी गोष्टी वाढवून सांगतो असा माझा गावात लौकिक आहे आणि तो खोटा नाही. पण आबांच्या त्या दिवसांतल्या गप्प राहण्याला मला काही जोडता येत नाही. सकाळी उठायचे, खळ्यात यायचे, पिवळ्या हाताजवळ उभे राहायचे. जेवायला बोलावलं की यायचे. बस.

*

कल्पनाचा धाकटा भाऊ भटू विसरवाडीला राहतो. हायवेला लागून त्याचं गाड्यांच्या विजेच्या कामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे आणि त्यांच्या आत भटू. पण त्याचं बोलणं ऐकलं तर नवापूरपासून सुरतेपर्यंतचे सगळे ट्रक त्याच्या परवानगीनेच लाइट लावतात असं वाटेल. मला वाटायचं की मीच फुगवून सांगतो. भटू आला की मी फारच खरं बोलणारा माणूस ठरतो.

तो मोटरसायकलवरून खांडबाऱ्यामार्गे आला. थंडीने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. उतरल्याबरोबर त्याने बॅटरीचं झाकण उघडलं आणि टर्मिनलवर फुललेला हिरवट-पांढरा थर बघून म्हणाला, "दाजी, ही बॅटरी शे का लोनचानी बरनी?"

"भटू," कल्पना दारातून म्हणाली, "पह्यले चहा पी, मंग ग्यान सांग."

त्याने गरम पाण्याने टर्मिनल धुतले, घासून चकचकीत केले, वर ग्रीस लावलं. बॅटरीत पाणी भरलं, काटा बुडवून बघितला, नाक मुरडलं आणि सांगितलं की बॅटरी मेली आहे. नवी आणली. नव्या बॅटरीने ट्रॅक्टर पहिल्या सकाळी थोडा खाकरला, आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, आणि पुन्हा तेच. घर्र. घर्र.

दुसऱ्या वेळी तो स्टार्टरच काढून पोत्यात बांधून विसरवाडीला घेऊन गेला. कार्बन झिजले असतील म्हणाला. कार्बन बदलले, बुश बदलले, आतला सगळा काळा भुगा पुसला. परत आणून बसवला तेव्हा लोटनभाऊ कुंपणापलीकडे हजर होतेच.

"भटूशेठ, आते तं उडी ना?"

"तुम्ही मफलर धरी ठेवा, भाऊ! हवामा उडी जाई!"

मफलर जागच्या जागी राहिला. भटूचा चेहरा मात्र उतरला. इंजिनात ऑइल घट्ट झालं असेल म्हणून पातळ ऑइल घातलं, काही नाही. आम्ही सगळे पुन्हा खांदे लावून ढकलायला लागलो.

तिकडे शेत वाट बघत होतं. कापूस काढून पऱ्हाट्या उपटल्या होत्या, पाणी देऊन झालं होतं आणि काळ्या मातीत वाफसा आला होता. वाफसा म्हणजे माती मुठीत धरली तर बांधली जाते आणि सोडली तर मोकळी होते, ते नेमके दिवस. ते कोणासाठी थांबत नाहीत. शेताच्या मध्येच ट्रॅक्टर बंद पडला तर तिथे ना उतार, ना ढकलणारे. एक दिवस तसंच झालं. मी वैतागून घरी आलो आणि सगळ्यांसमोर बोलून टाकलं की हा देऊन टाकू. बदल्यात दुसरा घेऊ. गावातल्या प्रत्येक घरात नवा ट्रॅक्टर आहे, आपणच याचे पाय का चेपत बसायचं?

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"याले लई जातीन ते त्याना थापासंगे लई जातीन का?"

म्हणजे ट्रॅक्टर नेतील तेव्हा त्याच्यावरचा हातही नेतील का? पत्रा असता तर कापून ठेवला असता. ओतीव लोखंड होतं.

"नवा मालक रंग मारी टाकी, आबा," भटू हळू म्हणाला. तो तेव्हा आमच्याकडेच होता, हरलेल्या माणसासारखा अवजारांची पेटी आवरत. आबांनी मान हलवली. आणि मग त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच ते आपणहून बोलले. कोणाशी असं नाही, अंगणाशीच बोलले असतील.

"रोज सकाळ तिना हात ऊन लागस."

तिचा हात गरम लागतो. कल्पनाने पदर तोंडाला लावला. मी मान खाली घातली. वर्षाच्या आत घरातला दुसरा माणूस असा हळूहळू आपल्यातून निघायला लागला, असं मला वाटलं. त्या क्षणी मला ट्रॅक्टर, गहू, वाफसा काहीच नको होतं. फक्त आबांनी ते वाक्य परत म्हणू नये, एवढंच हवं होतं.

पण भटूने पेटीचं झाकण उघडंच ठेवलं.

"आबा, काय म्हनात? ऊन लागस? कोठे?"

"तठेच. तिना हातवर."

"किल्ली माराना पह्यले का नंतर?"

"भटू, गप्प बस," कल्पना म्हणाली.

"अक्का, थांब जरासा. आबा, सांगा ना. पह्यले का नंतर?"

आबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "नंतर. जितला डाव हाऊ किल्ली मारस, तितला ऊन. ऱ्हाऊ दिधी की थंडा."

तेव्हा मला कळलं, 'आखो एक डाव' कशासाठी होतं.

*

भटू पळत खळ्यात गेला. आम्ही त्याच्या मागे. पिवळ्या तळव्याच्या बरोबर मध्यभागी एक बोल्ट होता आणि त्या बोल्टाला बॅटरीची काळी केबल आवळलेली होती. आम्ही ती इतकी वर्षं बघत होतो की ती दिसायची बंद झाली होती. तिथे सपाट जागा होती, कारण केबल बांधायला म्हणूनच ती घडवलेली होती. आणि सपाट जागा होती म्हणूनच मायने तिथे हात ठेवला होता.

भटूने मला किल्ली मारायला लावली. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्याने बोल्टाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं झटकन मागे घेतलं. त्याने पेटीतून जाड तार काढली, एक टोक बॅटरीच्या मायनसला धरलं, दुसरं थेट स्टार्टरच्या अंगाला.

"मारा, दाजी!"

मी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर असा काही उठला की लोटनभाऊंच्या खळ्यातला सगळा कडबा आमच्याकडे तोंड करून बसला. उंचवटा नाही, धक्का नाही. पहिल्या झटक्यात. लोटनभाऊ मफलर खाली ओढून तोंड उघडं टाकून उभे होते. त्यांचं पूर्ण तोंड त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पाहिलं.

भटूने ट्रॅक्टर बंद केला आणि सांगायला बसला. बढाई मारायची ही त्याची हक्काची जागा होती, पण तो हळू बोलला.

"वीज बॅटरीमातून निंघस, स्टार्टरमा जास, काम करस, आनि या लोखंडमातून परत बॅटरीमा येस. जावानी वाट आपन बठ्ठी देखी. येवानी वाट कोनी देखी नही. ती या बोल्टखालतून शे. आनि बोल्टखाले दर पोयाना रंग."

तेव्हा सगळं जागेवर बसलं. दर पोळ्याला आबा केबल सोडायचे. उघड्या लोखंडावर माय थापा मारायची. रंग वाळला की आबा त्याच्यावर केबल ठेवून बोल्ट आवळायचे, अगदी काळजीपूर्वक. रंगातून वीज जात नाही. कुठेतरी बोल्टाच्या दात्यांनी रंग चिरून जेवढी फट केली असेल, तेवढ्यातून बिचारी घुसत होती. दरवर्षी एक थर वाढत होता, दरवर्षी ट्रॅक्टर थोडा म्हातारा होत होता, आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं.

"खरडी टाकू," भटू म्हणाला. "चहा उतू जावाना आत काम व्हई जाई."

"हात नको लावू."

आबांचा आवाज असा मी बैल विकले त्या दिवशी ऐकला होता, नंतर नाही. भटू कानस हातात धरून थांबला. मग म्हणाला, "बरं, आबा. खरडाले नको. नवी केबल टाकसू, दुसरा बोल्टले बांधसू. हात जसा शे तसाच ऱ्हाई."

मला सुटल्यासारखं झालं. ट्रॅक्टरही राहणार, हातही राहणार, वाफसाही. मी भटूच्या पाठीवर थापही मारली. आबा मात्र तिथेच उभे होते.

"मंग हाऊ ऊन लागी का?"

भटूने हातातली कानस खाली केली. मग म्हणाला, "नही, आबा."

"काबर?"

"वीज तठून जावाव नही."

"आनि आते काबर लागस?"

"अडकस म्हनीसन. जोर करस, निंघता येस नही, तापस."

आबा त्या पिवळ्या तळव्याकडे बघत राहिले. शेकोटीतली एक पऱ्हाटी तडकली. कुंपणापलीकडे लोटनभाऊंनी मफलर पुन्हा तोंडावर ओढून घेतला. आबांनी बोट पुढे केलं आणि वाकड्या करंगळीवरून एकदा फिरवलं, वरून खाली.

"इतला दिन अडकी ऱ्हायनी," ते म्हणाले. "आनि मी मजा देखी ऱ्हायनू."

मग त्यांनी भटूकडे हात केला.

"आन ती कानस. वाट मोकळी करनी पडी."

"दुसरा बोल्ट शे ना, आबा," मी म्हणालो.

"शे. पन तिनी हात आठे ठेवेल शे."

त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. बोल्ट काढला, केबल बाजूला केली आणि तळव्याच्या मधोमध रुपयाएवढी जागा घासायला घेतली. तेवढीच. बोटांना, करंगळीला कानस लागू दिली नाही. पिवळा गेला, खाली हिरवा निघाला. "हाऊ बोरना पाईपना." हिरव्याखाली निळा. "मोटरना खोलीना दरवाजाना." निळ्याखाली गुलाबी. आबा थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, "हाऊ तुन्हा लगनना." गुलाबीखाली शेंदरी, मारुतीच्या देवळाच्या कळसाचा उरलेला. त्याखाली आणखी रंग, ज्यांची नावं त्यांनी मनातच घेतली. त्यांच्या हाताच्या मागच्या शिरा वर आल्या होत्या आणि कानशीवर रंगांचा बारीक भुगा पडत होता. कल्पनाने तो पदरात झेलला. कशाला झेलला ते तिलाही माहीत नसावं. शेवटी लोखंड दिसलं, पांढरं स्वच्छ, पहिल्या दिवसाचं. त्याच्याभोवती सगळे पोळे एकात एक गोल गोल उभे होते.

केबल बसवली. बोल्ट आवळला. मी किल्ली फिरवली, आणि ट्रॅक्टर उठला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आबांनी तळवा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला. इंजिनाच्या थरथरीने त्यांचं मनगट हलत होतं.

"थंडा शे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आते बरं."

दुसऱ्या दिवशी आम्ही गहू पेरला. आबा पेरणीयंत्राच्या मागे चालत होते, पेरलेल्या ओळी पायाने जरा दाबत, आणि मोठ्याने मला शिव्या घालत होते की ओळ वाकडी जाते आहे. भादव्यानंतर मी खाल्लेल्या पहिल्या शिव्या त्या. मी मुद्दाम आणखी एक ओळ वाकडी काढली.

*

त्यानंतरच्या पोळ्याला ट्रॅक्टर धुवायला काढला तेव्हा घरात सगळ्यांना एकच प्रश्न होता: नवा रंग दिला तर मायचा हात त्याखाली जाणार का? बॅटरी उतरवली, केबल सोडवली. अंगावरचा जुना रंग पोपडे धरत होता, नवा द्यायलाच हवा होता. कल्पना ब्रश घेऊन डाव्या बाजूला आली आणि थांबली.

आबा पुढे झाले. त्यांनी मायच्या थाप्यावर आपला तळवा झाकणासारखा ठेवला, बोटं पसरून, दाबून.

"आते मार," ते म्हणाले.

कल्पनाने त्यांच्या हाताच्या भोवतीने रंग दिला. बोटांच्या फटींतून, मनगटाच्या कडेने. त्यांच्या नखांवर, अंगठ्यावर लाल रंग लागला. ती 'राहू द्या, राहू द्या' म्हणत होती आणि तिचे डोळे वाहत होते. आबांनी हात उचलला तेव्हा लाल रंगाच्या आत त्यांच्या हाताएवढी मोकळी जागा उरली होती, आणि त्या मोकळ्या जागेत मायचा पिवळा हात. तो लहान होता. सगळा मावला. फक्त करंगळी जराशी बाहेर गेली होती, तेवढीच लाल झाली.

आबांनी रॉकेलने हात पुसला आणि त्याच हाताने पुरणपोळी उचलली.

आज सकाळी मी किल्लीला हात घालून थांबलो होतो तो याच सगळ्यात. शेतात पुन्हा वाफसा आहे. आबा मफलर गुंडाळून, काठी टेकत खळ्यात आले. यंदा ते जास्त वाकले आहेत, पण उंचवटा त्यांनी मोडू दिलेला नाही; त्याच्यावर आता लोटनभाऊंच्या कोंबड्या ऊन खात बसतात.

"मार," ते म्हणाले.

एकदाच. ट्रॅक्टर उठला. कोंबड्या उडाल्या. आबांनी वाकून सीटखालच्या दोन हातांवर आपला तिसरा हात ठेवला, रोज ठेवतात तसा, आणि डोळे मिटले. मी इंजिनाचा आवाज जरा कमी केला.

"थंडा शे," आबा म्हणाले आणि हात काढून घेतला. "चाल. वाफसा निंघी जाई."